दुब्रोवनिकला मेअखेर ५ रात्री: तटाच्या आत राहावं की बाहेर?

कैरीची फोड

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला ५ रात्री राहायचा बेत आहे. मुंबईहून निघणार. आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सपाटीवर पाऊण तास आरामात चालतात, पण जिना म्हटला की दर दहा पायऱ्यांना थांबावं लागतं. सगळे शाकाहारी, मुलाला अंडं चालतं.

अडलेले मुद्दे असे:

जुन्या शहरात, म्हणजे तटाच्या आतच घर घ्यावं असं मनात आहे. चौघांसाठी योग्य आहे का? तटावरची फेरी सासूबाईंना झेपेल का, आणि नसेल तर त्या वेळात त्यांनी काय करावं? एक दिवस माँटेनिग्रोतल्या कोतोरला जाऊन यायचं आहे, त्यासाठी व्हिसा वेगळा लागतो का? शिवाय खाण्याचं काय? मासे आणि मांस याशिवाय तिथे काही मिळतं की रोज पिझ्झाच?

गाडी भाड्याने घ्यायची का, हेही सांगा.

खारं वारं

गाडी घेऊ नका, इथून सुरुवात करतो. तटाच्या आत गाड्या जात नाहीत, बाहेर पार्किंग तासावर आहे आणि शहराच्या जवळ जाल तसं महागत जातं. तुमच्या पाचही दिवसांत गाडीचं काम फार तर एक दिवस पडेल. त्या दिवसापुरती घ्या.

आता घर. जुनं शहर एका खोलगट ताटासारखं आहे असं समजा. मधोमध स्त्राडून हा मुख्य रस्ता, साधारण ३०० मीटर, पूर्ण सपाट. एका टोकाला पिले दरवाजा, दुसऱ्या टोकाला घंटाघर आणि जुनं बंदर. स्त्राडूनच्या उत्तरेला सगळ्या गल्ल्या म्हणजे जिने आहेत, थेट तटाला लागून असलेल्या पेलीने गल्लीपर्यंत. दक्षिणेला मात्र स्त्राडूनला समांतर जाणाऱ्या ओद पुचा गल्लीपर्यंत जमीन सपाट आहे. तिच्या पुढे समुद्राकडच्या तटापर्यंत पुन्हा चढ. म्हणजे आत राहायचंच असेल तर स्त्राडून आणि ओद पुचा यांच्या मधल्या पट्ट्यातलं, तळमजल्यावरचं किंवा पहिल्या मजल्यावरचं घर शोधा. असं घर कमी असतं आणि महाग असतं.

जाहिरातीत "पिले दरवाजापासून ३ मिनिटं" लिहिलेलं असतं ते नकाशावरचं अंतर. मालकाला दोनच प्रश्न विचारा: स्त्राडूनपासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून पलंगापर्यंत किती. दुसरा प्रश्न विसरू नका. घरं अरुंद आणि उभी आहेत, आतला जिना लाकडी आणि चांगलाच उभा असतो, लिफ्ट जवळपास कुठेच नाही.

वरच्या बाजूचं घर नाइलाजाने घ्यावं लागलं तर एक युक्ती आहे. उत्तरेकडच्या तटाला बुझा नावाचा छोटा दरवाजा आहे. टॅक्सी त्याच्या बाहेर थांबते. तिथून आत शिरलात की सामान घेऊन उतरावं लागतं, चढावं लागत नाही. पिलेहून शिरलात तर तेच सामान स्त्राडूनवरून खांद्यावर वर न्यायचं. दगडी फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर चाकाच्या बॅगेचा काही उपयोग नाही, आणि रात्री खडखडाट केलात तर शेजारी खिडकी उघडून बघतात. पाठीवरची पिशवी बरी.

पण खरं सांगायचं तर तुमच्या चौघांसाठी मी आत राहा म्हणणार नाही. लापाद बघा. उवाला लापाद या खाडीकडे जाणारा झाडांच्या सावलीतला पादचारी रस्ता आहे, सपाट, दोन्ही बाजूंना बाकं आणि खाण्याच्या जागा, शेवटी उथळ पाण्याचा किनारा. सासूबाई तिथे संध्याकाळी एकट्या फिरून येऊ शकतील. ६ नंबरची बस तिथून पिलेला साधारण पाव तासात पोचते. तिकीट आधी टपरीवर घ्या, चालकाकडे तेच महाग पडतं, आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात टिपायला विसरू नका. टिपलेलं नसेल तर तपासनीसाच्या दृष्टीने तिकीट नाहीच.

दुसरा पर्याय ग्रुझ. देखणं नाही, बंदराचा भाग आहे, पण सपाट आहे, भाजीबाजार दारात, बेटांच्या बोटी आणि लांबच्या बसेस तिथूनच सुटतात.

प्लोचेच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे, हॉटेलांच्या खोल्यांतून तट आणि बंदर समोर दिसतं. फोटो अप्रतिम. मात्र तो सगळा डोंगरउतार आहे, किनारा जिन्याने खाली आणि रस्ता जिन्याने वर. गुडघे दुखणाऱ्याला तिथे नेऊ नका.

दोन कोरी पानं

व्हिसाचं सांगतो, कारण त्यात बऱ्याच जणांचा बेत फसतो.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून चलन युरो. जुन्या ब्लॉगवर कुना या जुन्या चलनातले हिशेब आणि "क्रोएशियाचा वेगळा व्हिसा" असं वाचलंत तर ते सोडून द्या. तुमच्या पाचही रात्री क्रोएशियात असल्यामुळे अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. इतर शेंगेन देश जोडलात तर जिथे रात्री जास्त तिथे, रात्री सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार तिथे.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. म्हणजे तुमचे ३१५ युरो, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण मेसाठी मुंबईत भेटीची वेळच मिळत नाही अशी परिस्थिती येते. फेब्रुवारीत मागे लागा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालायला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. १२ वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

आता कोतोर. माँटेनिग्रो शेंगेनमध्ये नाही. वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना तिथे जाता येतं, अडचण जाताना नाही, परत येताना आहे. कोतोरला गेलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात, संध्याकाळी परत आलात म्हणजे दुसऱ्यांदा शिरलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो सकाळीच संपलेला असतो. हीच गोष्ट बोस्नियातल्या मोस्तारची. म्हणून अर्जात बहुप्रवेशाचा व्हिसा मागा, सोबतच्या पत्रात कोतोरच्या दिवसाची तारीख लिहा, सहल आरक्षित असेल तर त्याची प्रत जोडा. आणि व्हिसा हातात आल्यावर "प्रवेश किती" हा रकाना वाचल्याशिवाय सहलीचे पैसे भरू नका.

क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराहून रस्त्याने येणाऱ्यांसाठी: पूर्वी वाटेत न्यूम इथे बोस्नियाची पट्टी ओलांडावी लागायची. जुलै २०२२ मध्ये पेल्येशत्सचा पूल सुरू झाला, आता सगळा रस्ता क्रोएशियातूनच जातो. तरी बसचं तिकीट काढताना मार्ग पुलावरून आहे ना, हे विचारून घ्या. दुब्रोवनिकला रेल्वे नाही, नकाशावर शोधत बसू नका.

मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूलहून आलात तर शेंगेनची तपासणी दुब्रोवनिकलाच होते. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदललंत तर तिथे होते, आणि त्यासाठी मधला वेळ दोन-अडीच तास तरी ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे, पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो वगैरे घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते.

विमानतळ चिलिपीला, शहरापासून साधारण २० किलोमीटर. विमानतळाच्या बसमध्ये डावीकडे बसा. शेवटच्या वळणांवर तटबंदीचं सगळं शहर खाली दिसतं.

बुरूजबंद

तटफेरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तीच तिथली मुख्य गोष्ट आणि तीच बहुतेक जण चुकीच्या वेळी, चुकीच्या दरवाजातून करतात.

लांबी १,९४० मीटर. ऐकायला दोन किलोमीटर, पण वर-खाली, वर-खाली. दीड ते दोन तास. सावली जवळपास नाही. दगड पांढरा, ऊन खालूनही येतं. फिरायची दिशा एकच, घड्याळाच्या उलट, मागे वळता येत नाही. चढायच्या जागा तीन: पश्चिमेला पिले दरवाजाच्या आत, पूर्वेला प्लोचेकडे संत लुकाच्या चर्चजवळ, आणि जुन्या बंदराजवळ संत इव्हानच्या किल्ल्यापाशी.

बहुतेक लोक पिलेहून चढतात, कारण बस तिथेच सोडते. रांगही तिथेच. आणि त्या बाजूने चढलं की आधी समुद्राकडचा तट, मग बंदर, आणि सर्वात शेवटी उत्तरेचा चढ आणि मिंचेता बुरूज. तो सगळ्यात उंच. म्हणजे पाय थकलेले, पाणी संपलेलं, ऊन डोक्यावर, आणि मग सगळ्यात मोठा जिना.

प्लोचेहून चढा. उत्तरेचा चढ पहिल्या अर्ध्या तासात, ताज्या पायांनी संपतो. मिंचेतानंतर उतार, पिलेच्या डोक्यावरून बोकार बुरूज, आणि मग समुद्राच्या वाऱ्यात उरलेला रस्ता. उन्हाळ्यात तट सकाळी ८ ला उघडतो. पावणेआठला प्लोचेच्या पायऱ्यांशी उभे राहा. क्रूझ जहाजं ग्रुझला लागतात आणि त्यांचे प्रवासी साडेनऊ-दहापासून पिलेला उतरायला लागतात, तोवर तुम्ही समुद्राकडे पोचलेले असाल. कोणत्या दिवशी किती जहाजं आहेत याचं वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर असतं. तटासाठी सगळ्यात कमी जहाजांचा दिवस निवडा आणि जास्त जहाजांच्या दिवशी बेटावर जा. माझ्या मते हे एक कोष्टक बघणं बाकी सगळ्या नियोजनापेक्षा जास्त कामाचं आहे.

फक्त फोटोंचा विचार असेल तर गणित उलटं. मिंचेतावरून शहर आग्नेयेला पसरलेलं दिसतं. सकाळी सूर्य समोर, कौलांचा रंग उठत नाही. बंद व्हायच्या दोनेक तास आधी चढलात तर सूर्य पाठीशी येतो. मे अखेरीला सूर्यास्त आठनंतर आहे, तेव्हा संध्याकाळची फेरीही चांगली, पण मुलाच्या पोटापाण्याची वेळ सांभाळा.

तिकीट मोठ्यांना सुमारे ४० युरो. ७ वर्षांखाली फुकट, ७ ते १८ ला बरीच सवलत. आता गंमत: "दुब्रोवनिक पास" नावाचा एक दिवसाचा पास जवळजवळ तेवढ्याच किमतीला मिळतो आणि त्यात तट, काही संग्रहालयं आणि शहरबसचा प्रवास येतो. नुसतं तटाचं तिकीट घेण्यात अर्थ नाही. दर आणि वेळा हंगामागणिक बदलतात, निघायच्या आदल्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघा. प्रवेश एकदाच. मधे खाली उतरलात की संपलं. म्हणून स्वच्छतागृहाचं काम चढण्याआधी उरकून घ्या, आणि माणशी एक लिटर पाणी न्या. वर मिळतं, पण त्या किमतीत खाली कॉफी होते. पाणी विकत घ्यायची गरजच नाही. पिलेच्या आत शिरताच ओनोफ्रिओचं मोठं गोल कारंजं आहे, १५ व्या शतकातलं. १२ किलोमीटरवरून पाणी आणून बांधलेलं. त्याच्या १६ मुखांतून येणारं पाणी आजही पिण्याजोगं आहे. बाटल्या तिथे भरा.

वरून कौलं नीट बघा. आपल्याकडच्या नळीच्या कौलांसारखीच, अर्धगोल. काही फिकट, डागाळलेली, तपकिरी-पिवळी. बरीचशी एकसारखी भडक केशरी. ही केशरी कौलं युगोस्लाव सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यानंतर घातलेली. ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सगळ्यात वाईट होता. पिले दरवाजाच्या आत भिंतीवर नकाशा लावलेला आहे, कोणत्या घरावर गोळा पडला, कोणतं जळलं ते त्यात खुणांनी दाखवलंय. तो आधी वाचा आणि मग वर चढा. मुलालाही रंगांवरून शोधायचा खेळ होईल.

तटाच्या तिकिटात लोव्ह्रियेनाक किल्लाही येतो, पिलेच्या बाहेर ३७ मीटर उंच कड्यावर. त्याच्या समुद्राकडच्या भिंती १२ मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर. कारण सांगतात ते असं की किल्लेदार फितूर झाला तर शहराच्या तोफांनी ती भिंत पाडता यावी. ज्या रगुझा (दुब्रोवनिकचं जुनं नाव) प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, दर महिन्याला बदलत असे, त्यांचा कुणावरच भरवसा नव्हता, हे पटतं.

सासूबाईंना तटावर नेऊ नका, आणि लोव्ह्रियेनाकलाही नाही. अर्ध्यातून उतरायच्या जागा मोजक्या आहेत आणि तिथवर पोचायलाही पायऱ्याच.

कैरीची फोड

अरे वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! प्लोचेहून चढायचं ठरलं. लापादही ठरल्यातच जमा आहे.

मग तटफेरीच्या त्या दोन तासांत सासूबाईंचं काय? आणि वरून शहर बघायचं त्यांचं राहूनच जाईल का?

खारं वारं

वरून बघायला सर्ज डोंगर आहे ना. ४१२ मीटर, जुन्या शहराच्या थेट माथ्यावर. रोपवेने चार मिनिटांत वर. खालचं स्थानक बुझा दरवाजाच्या वरच्या रस्त्यावर आहे. जुन्या शहरातून तिथे जायला जिने लागतात, म्हणून टॅक्सीने थेट स्थानकावर जा. वरून तट, बंदर, लोक्रुम बेट सगळं एका नजरेत. तटावरून शहर आतून दिसतं, इथून त्याचा आकार कळतो. सूर्यास्ताच्या आधी तासभर जा, पण सूर्यास्तानंतर उतरायची रांग मोठी असते, तेव्हा पाच-दहा मिनिटं आधी निघा. वारा जोरात असला तर रोपवे बंद राहतो. अशा वेळी बोसांका गावामार्गे टॅक्सी वर जाते.

तटफेरीच्या वेळी सकाळी त्यांना स्त्राडूनवर आणा. पिलेहून आत येताना उतरण आणि पायऱ्या आहेत, प्लोचेकडून येणं जरा सोपं. पिलेशेजारी फ्रान्सिस्कन मठ आहे, त्यातलं औषधालय १३१७ चं, आणि आजही तिथे औषधांचं दुकान चालतं. आतलं खांबांचं अंगण शांत, बसायला जागा. मग गुंदुलिचेवा चौकात सकाळचा बाजार भरतो: सुके अंजीर, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, लव्हेंडरच्या पुरचुंड्या. दुपारी आवरतात. तिथून जुन्या बंदराच्या बाकावर. हे सगळं सपाट. एक सूचना, स्त्राडूनचे दगड शतकानुशतकं घासून आरशासारखे झालेत. पाऊस पडला की तिथे घसरायला वेळ लागत नाही. त्यांना रबरी तळाचे बूट द्या, चामडी तळाची चप्पल नको.

कोतोरबद्दल माझं मत वेगळं आहे. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, पण सीमा दोन, जाताना आणि येताना, आणि हंगामात तिथे किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा गाडीत बसून कंटाळणार. वर कोतोरचा तट म्हणजे १३५० पायऱ्यांचा डोंगर, तिथेही त्या खालीच थांबणार. त्यापेक्षा स्तोनला जा. ५० किलोमीटर, सीमा नाही. डोंगरावर चढलेली साडेपाच किलोमीटरची तटबंदी, ती रगुझाच्या लोकांनी मिठासाठी बांधली. खाली मिठागरं आजही चालू आहेत. तुम्ही नि मुलगा तटाचा एक तुकडा चढा, त्या खाली सपाट गावात. भाड्याची गाडी घ्यायची असेल तर ती या दिवशी.

दोन कोरी पानं

खारं वारं यांच्याशी अर्धा सहमत. कोतोरची खाडी सुंदर आहे आणि पुन्हा कधी त्या बाजूला जाणं होईल कुणास ठाऊक. जायचंच असेल तर पहाटे ६ ला निघा आणि रविवार टाळा. पण पाच रात्रींत स्तोन, लोक्रुम आणि कोतोर तिन्ही बसवू नका.

मेतकूट भात

खाण्याचं मी घेते.

रोज पिझ्झा नको असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, लापादला भरपूर आहेत. भारतातून काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही ते आधी. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर बाद. ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढी पाच फळं सोडून. मे महिना आहे म्हणून सांगते, हापूसची पेटी सामानात घालू नका. ताजा कढीपत्ता आणि मिरच्यासुद्धा नाहीत. भाजणी, मेतकूट, पोहे, चिवडा, सुकी चटणी, मसाले, डाळ-तांदूळ चालतात. सगळं बंद पाकिटात, वर नाव दिसेल असं.

शेगड्या बहुतेक विजेच्या. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, घरमालकाला आधी विचारा. आपल्या दोन पिनी बारीक चार्जरना अडचण नाही, तीन पिनींना ॲडाप्टर लागेल.

दुकानात हे शब्द उपयोगी पडतील: म्लिएको म्हणजे दूध. नुसतं "योगुर्त" घेतलंत तर पातळ, पिण्याचं मिळेल. विरजणाच्या दह्याजवळचं हवं असेल तर "च्व्रस्ती योगुर्त". स्लानुताक म्हणजे छोले, ग्राह म्हणजे राजम्यासारखे घेवडे, लेचा म्हणजे मसूर. तिन्ही शिजवलेले डब्यात मिळतात. रिझा म्हणजे तांदूळ.

हॉटेलात "बेझ मेसा, बेझ रिबे" म्हणा: मांसाशिवाय, माशाशिवाय. अंडं नको असेल तर "बेझ याया". नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर मासा चालेल असं समजणारे भेटतात. फसवी नावं तीन. "झेलेना मेनेश्त्रा" म्हणजे हिरवी भाजी वाटते, प्रत्यक्षात ती कोबीबरोबर शिजवलेल्या खारवलेल्या-धुरावलेल्या मांसाची, दुब्रोवनिकची खासियत. "त्स्रनी रिझोत", काळा भात, तो रंग म्हाकुळाच्या शाईचा. आणि सूप, मग ते टोमॅटोचं का असेना, मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारा.

निर्धास्त मागवावं असं: ब्लित्वा, म्हणजे पालकाच्या जातीची पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून. आपल्या आळूच्या कोरड्या भाजीचा चुलतभाऊ समजा. तिच्याबरोबर पाव आणि भाजलेल्या भाज्या. पेकारा म्हणजे बेकरी. तिथे सकाळी चीज भरलेली "सिर"वाली किंवा पालकाची "झेल्यानित्सा" मागा. नुसतं बुरेक (भरलेली पापुद्र्यांची खारी) म्हटलंत तर मांसाचं मिळू शकतं. रोझाता हे गोड म्हणजे कॅरमेल कस्टर्ड, त्यात अंडं असतंच.

जुन्या शहराच्या आतल्या हॉटेलांचे दर बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त. पावाच्या टोपलीचे किंवा "कुव्हेर"चे माणशी पैसे बिलात येतात, ती फसवणूक नाही. पैसे काढायच्या यंत्रावर "रुपयांत वळवू का?" असं आलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. वळवण्याचा दर यंत्राच्या सोयीचा असतो.

बुरूजबंद

मुलासाठी समुद्र राहिला. मे अखेरीला पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेलं पोर पाय बुडवून परत येईल, त्याला जाड पोहण्याचा शर्ट घ्या. किनारे गोट्यांचे, पाण्याखालच्या खडकांवर समुद्री साळिंदर असतात. काटा तळव्यात मोडतो आणि निघत नाही. रबरी पाण्याचे बूट सगळ्यांना, वाद नाही. वाळूच हवी तर ग्रुझहून बोटीने लोपुद बेटावर जा, तिथे शुन्य नावाचा उथळ, वाळूचा किनारा आहे. (नाव वाचून हसू नका.) धक्क्यापासून बेट ओलांडून अर्धा तास चालावं लागतं, सासूबाईंसाठी छोट्या बॅटरीच्या गाड्या मिळतात.

लोक्रुम जवळ, जुन्या बंदरातून बोटीने पंधरा मिनिटं. मोर मोकळे फिरतात, आणि आत "मृत समुद्र" नावाचं छोटं खारं तळं आहे, लाटा नाहीत, मुलाला डुंबायला तेच बरं. मुक्काम करता येत नाही. शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच फोटोत घेऊन ठेवा.

पोहून झाल्यावर कपडे घालूनच जुन्या शहरात शिरा. उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या पोशाखात फिरायला दंड आहे, पाट्या लावलेल्या आहेत.

आणखी एक, गोव्याच्या वाचकांसाठी. दरवाजांवर आणि बुरुजांवर हातात शहराची प्रतिकृती धरलेला जो संत दिसतो तो स्वेती व्लाहो, शहराचा रक्षक, त्याचा सण ३ फेब्रुवारीला. पोर्तुगीजांच्या भाषेत साव ब्रास. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, ते १६ व्या शतकात व्यापाराला आलेल्या रगुझाच्या, म्हणजे या दुब्रोवनिकच्याच लोकांनी उभारलं असं मानतात.

पणती

धागा वाचतेय. आम्हाला मुलांच्या शाळेमुळे दिवाळीच्या सुट्टीतच जमतं. तेव्हा गेलं तर?

खारं वारं

पणती, ऑक्टोबरच्या मध्याला दिवाळीची सुट्टी आली तर नक्की जा. गर्दी उतरलेली, समुद्र अजून कोमट, मेपेक्षाही. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर हा तिथला पावसाचा काळ. आग्नेयेकडून "युगो" वारा सुटतो, ओलसर, दोन-तीन दिवस टिकतो, लाटा मोठ्या होतात आणि बोटी थांबतात. लोक्रुमच्या फेऱ्या हंगामासोबतच बंद होतात, स्प्लिटकडच्या जलद बोटीही कमी होतात, तट लवकर बंद होतो. त्या काळात तटाच्या आत राहायला मात्र हरकत नाही, भाडी उतरतात आणि शहर बरंच मोकळं मिळतं. अशा वेळी तटाचा दिवस आधी ठरवू नका. पहिल्या दिवशी ऊन दिसलं की त्याच दिवशी चढा, संग्रहालयं पावसासाठी राखून ठेवा. छत्री नको, तटावर उलटते. रेनकोट न्या.

कैरीची फोड

ठरलं: लापाद ५ रात्री, तट प्लोचेहून सकाळी ८ ला, सर्ज, लोक्रुम, स्तोन. कोतोर रद्द. तरी व्हिसा बहुप्रवेशाचाच मागते.

एक शेवटचं, स्प्लिटहून बसने यायचं झालं तर खिडकी कोणती?

दोन कोरी पानं

उजवी. विमानतळाहून डावी, स्प्लिटहून उजवी. परतताना उलट.